वर्ण गोरा, बोलणे नम्र

“शोध,” आबा म्हणाले.

“काय शोधू?”

“मला.”

आबा माझ्यापासून हातभर अंतरावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगात बंडी, हातात तंबाखूची डबी, पाय स्टुलावर. एखादा माणूस इतका सापडलेला मी क्वचितच पाहिला असेल. तरी मी लॅपटॉप पुढं ओढला आणि चौकटीत टाईप केलं, ‘जोतिराम जाधव’.

तेराशेच्या वर निकाल आले.

“एवढं?” आबा पुढं वाकले. “मी तर एकच हाय.”

हे सगळं भाऊबीजेमुळं सुरू झालं. आबांची धाकटी बहीण, आमची अंजिरा आजी, दर भाऊबीजेला सकाळच्या एसटीनं तांबखडीहून इचलकरंजीला यायची, आबांना ओवाळायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. दोघांचं बोलणं व्हायचं ते पाऊस, गुडघे आणि एसटीचं वेळापत्रक या तीन विषयांवर. त्या वर्षी नवरात्रात ती न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. मग तिचा फोन आला. “औंदा मला येणं व्हायचं न्हाई. दादाला म्हणावं, तू ये. पुढच्या सालाचं कुणी बघितलंय?”

आबांनी फोनकडं पाठ केली. “सांग तिला, कामात हाय.”

आबा यंत्रमागावरून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांचं त्या दिवसातलं एकमेव काम, मांजरानं दूध पिऊ नये म्हणून पातेल्यावर लक्ष ठेवणं, हे मांजरही करू शकलं असतं.

आबा तांबखडीला जात नाहीत, हे आमच्या घरात भिंतीसारखं होतं. भिंतीला कोणी ‘तू इथं का?’ म्हणून विचारत नाही. पण त्या संध्याकाळी आई चिडली. ती म्हणाली, “आबा, म्हातारी एकटी पडलीय. एवढं काय वाकडं आहे त्या गावाशी?” आबांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि बार भरल्या तोंडानं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगून टाकली.

आबा पंधरा वर्षांचे होते. चैत्रातली यात्रा होती. तांबखडीची सासनकाठी म्हणजे दोन मजली उंच बांबू, वर तुरे, झेंडा, आणि तो तोलायचा मान वर्षाला एका घराकडं. त्या वर्षी मान आबांच्या घराकडं होता. आबा हट्टानं पुढं झाले, चार पावलं नीट गेले, पाचव्याला काठी कलली आणि पोलीस पाटलाच्या कौलांवर पडली. आत पाटलीणबाई भाकरी थापत होत्या. कौलं भाकरीत गेली.

“बाप सगळ्या यात्रेत म्हणाला,” आबा सांगत होते, “असला पोरगा असण्यापेक्षा नसल्याला बरा. मी म्हटलं, बरं. झालो नसल्याला.”

त्याच संध्याकाळी ते चालत निघाले ते सांगलीला पोचले. तिथं एका हॉटेलात कपबशा विसळायला राहिले. समोर वाचनालय होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की आबा तिथं जाऊन ‘दैनिक घणाघात’ उघडायचे. तांबखडीत तोच एक पेपर यायचा आणि पारावर बसून गावाला मोठ्यानं वाचून दाखवला जायचा. पळून गेलेल्या पोरांच्या जाहिराती त्यात रोज असायच्या. ‘असशील तेथून निघून ये’ वगैरे.

“रोज बघत हुतो,” आबा म्हणाले. “बापानं एक ओळ दिली असती, तर हातातली बशी टाकून गेलो असतो. न्हाई दिली. पुढं आई गेली, मागनं बाप गेला, ते मला चार वर्सांनी, अंजीनं माझा पत्ता काढला तवा कळलं. मग आता कुणाच्या दारात जाऊ?”

अशा वेळी गप्प राहायचं असतं, पण मला तेवढं शिकवलेलं नव्हतं.

“आबा, ‘घणाघात’चे सगळे जुने अंक आता इंटरनेटवर आहेत,” मी म्हणालो. “एका ग्रंथालयानं स्कॅन करून टाकलेत. नाव टाकलं की शोधता येतं. तुमच्या नजरेतून सुटली असेल जाहिरात.”

मी त्या वर्षी इंजिनिअर झालो होतो आणि कंपनीनं रुजू व्हायची तारीख दोनदा पुढं ढकलली होती. त्यामुळं जगातल्या कोणत्याही कामाला माझ्याकडं वेळ होता.

“तुझं नोकरीचं पत्र गावतंय का बघ आधी त्यात,” आई म्हणाली.

पण आबा खुर्चीत सरळ बसले. “माझी नजर त्या वक्ताला घारीसारखी हुती. नसतीया ती जाहिरात. पण बघच तू. गावली, तर भाऊबीजेला तांबखडीला येतो. न्हाई गावली, तर या घरात तांबखडीचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. अंजीच्या फोनवरबी न्हाई. कबूल?”

मी कबूल म्हणालो. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू घराच्या भिंतीला टेकू म्हणून मी स्वतःलाच गाडून घेतलंय.

आता तेराशेचा खुलासा. तांबखडीचं ग्रामदैवत जोतिबा. गावातली तीन चतुर्थांश घरं जाधव. पहिला मुलगा झाला की नाव शोधण्याचे कष्ट कोणी घ्यायचं नाही. ‘जोतिराम जाधव’ हे त्या गावात नाव नसून हुद्दा होता. शिवाय आसपासच्या पन्नास गावांत तीच पद्धत. त्या साईटवर वर्षानुसार गाळायचं एक बटण होतं, पण ते शोभेचं होतं. दाबलं की पान पांढरं व्हायचं आणि ग्रंथालयाचा फोटो यायचा. निकालही कसेही लागायचे, आज लग्न तर उद्या जन्म. एकूण एकच उपाय राहिला. एकेक जोतिराम उघडून बघायचा.

आम्ही बघायला लागलो. रोज सकाळी आबा आंघोळ करून, गंध लावून खुर्चीत बसायचे आणि मी वाचायचो.

“जोतिराम जाधव यांची सोसायटीच्या चेअरमनपदी बिनविरोध निवड.”

“मी न्हाई. फुडं.”

“जोतिराम जाधव यांस सर्पदंश. प्रकृती चिंताजनक.”

“मी न्हाई.” मग जरा थांबून, “वाचला का?”

“ते यात नाही आबा.”

“मग दुसऱ्या दिवसाचा अंक काढ की लेका! माणूस तिकडं मरायला लागलाय आनी तू फुडं काय जातोस?”

दुसऱ्या दिवसाचा अंक काढला. नव्हतं. तिसऱ्या दिवसाचा काढला. त्यात जोतिराम वाचला होता आणि त्यानं डॉक्टरांचे जाहीर आभार मानले होते. आबांनी समाधानानं मान हलवली आणि त्या दिवशी दुपारी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात एक जोतिराम कुस्ती जिंकला, एक म्हशीच्या चोरीत सापडला, एकानं ‘माझा मुलगा माझ्या सांगण्याबाहेर आहे, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये’ अशी जाहीर नोटीस दिली. त्या मुलाचं नावही जोतिराम होतं. एका जोतिरामनं दुसऱ्या जोतिरामचा निवडणुकीत पराभव केला आणि तिसऱ्यानं दोघांचं अभिनंदन केलं. म्हैस चोरणाऱ्यावर आबांचा विशेष राग होता. “नाव घालवलं लेकानं,” म्हणायचे.

आई चहा घेऊन यायची आणि दारातच विचारायची, “आज कोण?”

“आज विहिरीत पडलाय.”

“पाणी होतं का?”

“गुडघाभर.”

“मग काही नाही होत,” असं म्हणून ती जायची.

माझ्या लक्षात आलं, आबांना हे आवडायला लागलंय. आणि हेही लक्षात आलं, की ज्या निकालात ‘हरवला’ असा शब्द असेल, तिथं त्यांची तंबाखू मळणारी बोटं थांबतात. डावी भुवई वर जाते. ती भुवई मधोमध तुटलेली आहे. मागावरचा धोटा उडून लागला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी ‘वय सात’ किंवा ‘मु. पो. कवठे’ असं पुढचं वाचलं की बोटं पुन्हा फिरायला लागायची.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती सापडली.

मी आधी मनात वाचली. मग उभा राहिलो. मग खुर्ची पडली. मग मोठ्यानं वाचली.

“चि. जोतिराम जाधव, मौजे तांबखडी, वय पंधरा, हा चैत्र यात्रेपासून घरातून निघून गेला आहे. वर्ण गोरा, बांधा उंच, नाक सरळ, बोलणे नम्र. चि. जोतिराम, असशील तेथून निघून ये. कोणी रागावणार नाही. आई रोज तुझे ताट वाढते. — वडील.”

आई भिजल्या हातानं धावत आली. मी आबांकडं बघितलं. मला वाटलं रडतील, निदान तंबाखू थुंकतील.

आबा शांत होते. “ही व्हय,” ते म्हणाले. “ही म्हाईत हाय मला.”

“माहीत आहे?”

“तवाच वाचलीया. ही माझी न्हवं. वरच्या आळीतल्या जोतिरामाची.”

“आबा, तांबखडी आहे. चैत्र यात्रा आहे. पंधरा वर्षं आहे.”

“त्योबी पंधराचाच हुता. माझ्याच वर्गात. गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, ताडमाड. मास्तर त्याला ‘इंग्रज’ म्हणायचे. माझ्यामागनं त्योबी पळाला असणार.” आबांनी माझ्याकडं, मग आईकडं बघितलं. “बघा माझ्याकडं. वर्ण गोरा?”

आबांचा वर्ण आमच्या तव्याशी जुळतो. आम्ही दोघं खाली बघायला लागलो.

“बांधा उंच? नाक सरळ?”

आबांचं नाक देवानं शेवटच्या क्षणी अंगठ्यानं दाबून बसवल्यासारखं आहे.

“बोलणे नम्र?” आबा ओरडले.

“नम्र तर नाहीच,” आई प्रामाणिकपणे म्हणाली.

“मग!” आबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, “ते वाचलं आनी वाचनालयात जायाचं सोडलं मी. सांगलीच सोडली. म्हटलं, त्येच्या आईनं त्येचं ताट वाढलंय. माझ्या घरात माझा पाट उचलून ठेवला असंल.” त्यांनी डबी बंद केली. “लई हेवा केला म्या त्या पोराचा. आजपतुर करतोय. लगीन झालं, पोरं झाली, घर बांधलं. तरी कुठं चांगलं ताट फुडं आलं की वाटायचं, त्या गोऱ्यानं काय खाल्लं असंल आज?”

मग ते उठले आणि जाता जाता म्हणाले, “न्हाई गावली. ठरल्याप्रमाणं आता तांबखडीचं नाव काढायचं न्हाई.”

आईनं मला गच्चीवर पाठवलं. “तूच पैज लावलीस, तूच सांग त्या म्हातारीला.”

मी अंजिरा आजीला फोन लावला. आबा येणार नाहीत हे सांगायला आडवळणानं सुरुवात केली, पण आजी आडवळणाची नाही.

“येत न्हाई व्हय? अजून त्या कौलांवरनं रागावलाय?”

“कौलांवरून नाही आजी. त्यांचं म्हणणं, घरच्यांनी पेपरात जाहिरात दिली नाही.”



“दिली न्हाई?” आजी म्हणाली. “आरं, साऱ्या गावानं वाचली की! पारावर वाचून दावली. मी सात वर्सांची असंन. माणसं हसून लोळली.”

“का?”

“का म्हंजी? दादाला गोरा लिवलं हुतं! बाप अडाणी न्हवता, त्येनं खरं लिवायला घेतलं हुतं. आई म्हटली, पेपर साऱ्या तालुक्यात जातोय. काळा, बुटका, नकटा असं छापून आलं, तर उद्या माझ्या पोराला पोरगी कोण दील? एकदा छापलं की पुसायचं न्हाई. म्हणून चांगलं चांगलं लिवलं.”

मी गच्चीच्या कठड्यावर बसलो. माझ्या पणजीनं हरवलेल्या पोराची जाहिरात देताना त्याचं स्थळही जाहीर करून टाकलं होतं.

“पण आजी, वरच्या आळीतला जोतिराम? तो गोरा? तोही पळाला होता ना?”

“त्यो?” आजी हसायला लागली आणि हसता हसता खुब्याच्या कळेनं ओरडली. “आई गं! आरं त्यो कुठं पळतोय! त्याला वढ्यापतुर जायाचं तरी बैलगाडी लागायची. जलमभर तांबखडी सोडली न्हाई. हा काय, समोर पारावर बसलाय. हाक मारू?”

“नको. आजी, हे तुम्ही आबांना कधी सांगितलं नाही?”

“त्यानं कधी इचारलं न्हाई. मला वाटलं, म्हाईत असूनबी येत न्हाई. एवढा राग हाय तर काढायचा कशाला इषय?” मग तिचा आवाज बारीक झाला. “आई मरायच्या आधी म्हणायची, आधीच खरं लिवायला पायजे हुतं. पोरगं वाचून म्हणालं असंल, ही माझी आई न्हवं.”

मी खाली येऊन आबांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. सगळं ऐकून घेतलं आणि पाठमोरेच म्हणाले, “अंजी तवा शेंबडी हुती. तिला काय कळतंय? आता भावाला बोलवायला म्हणून सांगतीया. छापील असंल तर दाव.”

“आबा, बहीण खोटं बोलेल का?”

“आई छापून खोटं बोलू शकती, मग बहीण फोनवर न्हाई?”

वादात तुमच्याच पुराव्यानं तुम्हाला झोडपायची ही आबांची जुनी रीत. बोलणे नम्र.

भाऊबीज पाच दिवसांवर होती. घरात करंज्या तळल्या जात होत्या आणि मी साईट उघडून बसलो होतो. नावानं शोधून उपयोग नव्हता. जोतिरामांचा साठा मी संपवत आणला होता. मग मी ‘कोणी रागावणार नाही’ हे शब्द टाकून बघितले. पानंच्या पानं आली. कोल्हापूरचा वसंता, तासगावचा बाबूराव, मिरजेचा महंमद, कुठला कुठला नारायण. सगळ्यांच्या आया अंथरुणाला खिळलेल्या आणि सगळ्यांचे बाप एकाएकी शांत झालेले. त्या काळात दक्षिण महाराष्ट्रात कोणीच कोणावर रागावत नव्हतं, असं ‘घणाघात’ वाचून वाटलं असतं.

मी वैतागलो. आबांचा राग आला होता, त्या कधीही न पळालेल्या गोऱ्या जोतिरामाचाही आला होता. रागाच्या भरात मी त्या चौकटीत आबांचे दुर्गुण टाईप करायला लागलो. ‘हट्टी.’ शेकडो निकाल, बहुतेक बैलांचे. ‘तिरसट.’ एका साहेबाच्या बदलीची बातमी. ‘नकटा.’ नाटकाची जाहिरात.

‘तोंडाळ.’

दोन निकाल आले. पहिला होता अग्रलेख, विरोधी पक्षावर. दुसरा होता शेवटच्या पानाच्या तळाशी, सायकलच्या जाहिरातीखाली, बोटभर.

मी तो वाचला. मग लॅपटॉप उचलून आबांच्या खोलीत गेलो आणि पलंगावर त्यांच्या पुढ्यात ठेवला. “छापील आहे,” मी म्हणालो.

“वाच.”

“चष्मा आहे की डोळ्यावर. तुम्हीच वाचा.”

आबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि, पारावर वाचत असावेत तसं, शब्द सुटे करत मोठ्यानं वाचायला लागले. आई झारा हातात घेऊनच दारात येऊन उभी राहिली.

“चूक… दुरुस्ती. मौजे तांबखडी येथील हरवलेल्या मुलाची जाहिरात गेल्या महिन्यात प्रसिद्ध झाली, ती पुढीलप्रमाणे दुरुस्त करून वाचावी. ‘वर्ण गोरा’ याऐवजी ‘वर्ण काळा’ असे वाचावे. ‘बांधा उंच’ याऐवजी ‘ठेंगणा’ असे वाचावे. ‘नाक सरळ’ हे शब्द गाळावेत.”

आबा थांबले. नाकावरून एकदा बोट फिरवलं. पुढं वाचायला लागले.

“‘बोलणे नम्र’ याऐवजी ‘तोंडाळ’ असे वाचावे. डाव्या भुवईवर… सासनकाठी लागल्याची खोक आहे.”

“धोटा ना?” आई दारातून म्हणाली.

“धोटा न्हवता,” आबा म्हणाले.

एकच ओळ राहिली होती. ती त्यांनी आधी मनात वाचली, मग ओठ हलवून, मग माझ्याकडं सरकवली. “हे काय हाय? चष्म्यावर वाफ आलीया.”

मी वाचलं. “बाकी मजकूर बरोबर आहे. — आईच्या सांगण्यावरून, वडील.”

“बाकी मजकूर म्हंजी?”

त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, की त्यांना माहीत आहे. तरी मी पहिली जाहिरात उघडली, आणि गोरा, उंच, सरळ, नम्र एवढं गाळून राहिलेलं वाचून दाखवलं.

“चि. जोतिराम, असशील तेथून निघून ये. कोणी रागावणार नाही. आई रोज तुझे ताट वाढते.”

स्वयंपाकघरातून करंजी जळाल्याचा वास आला. कोणी हललं नाही.

“महिनाभर आधी सुदरायला काय झालं हुतं तिला,” आबा शेवटी म्हणाले. “मी तवा इचलकरंजीला आलो हुतो. हितं दुसरा पेपर यायचा.” मग नाक ओढून म्हणाले, “तोंडाळ म्हटलंय मला. साऱ्या तालुक्यात.”

“छापील आहे आबा. पुसता येत नाही.”

“तू गप रं.” मग आईकडं वळून, “सूनबाई, माझं इस्त्रीचं धोतर कुठं हाय?”

भाऊबीजेला आम्ही जीप करून निघालो. आबा वाटेत ड्रायव्हरला ‘अहो’ म्हणत होते. खड्डा आला तरी शिवी देत नव्हते. आई घाबरली, तिनं दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. तांबखडीच्या वेशीत मात्र जीपपुढं एक म्हैस आडवी आली आणि आबांनी काच खाली करून तिच्या मालकाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला.

पारावर एक म्हातारा बसला होता. टक्कल, वाकलेला, उन्हानं रापून कोळसा झालेला. डोळे मात्र घारे.

“कोन पावनं?” त्यानं विचारलं.

आबा खाली उतरले. त्याच्यापुढं उभे राहिले. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. इतक्या वर्षांचा हेवा असा एका जागी बसलेला बघायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

“जोतिराम जाधव,” आबा म्हणाले.

“त्यो मी,” म्हातारा म्हणाला.

“मीबी,” आबा म्हणाले. “खालच्या आळीतला. जेवलास का रं?”

“कवाच.”

“काय जेवलास?”

“भात-आमटी. का?”

“काय न्हाई,” आबा म्हणाले, आणि पुढं चालायला लागले. मला तर त्यांची चाल हलकी झाल्यासारखी वाटली.

खालच्या आळीतल्या घराचं दार लहान होतं. ठेंगण्या माणसालाच वाकावं लागणार नाही, असं. आत अंजिरा आजी खुर्चीत बसली होती, पाय लांब करून, मांडीवर ओवाळणीचं तबक घेऊन. समोर पाट मांडलेला होता. पाटापुढं ताट वाढलेलं होतं. आम्ही येतोय असं तिला कोणी कळवलं नव्हतं. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. दोघांनीही माना हलवल्या.

आजीनं आबांकडं बघितलं. मग तबकातली सुपारी उगाच इकडची तिकडं केली.

“लई उशीर केलास दादा,” ती म्हणाली.

आबांनी चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या, आणि पाटावर बसत म्हणाले,

“पेपर आत्ता हातात पडला.”